एका बटणावरची तीन कामं

दुर्गदबैलाच्या बाजारातल्या आमच्या कापडदुकानात कॉम्प्युटर आला, तेव्हा माझे वडील, अप्पा, नुकतेच अर्धांगवायूच्या झटक्यातून उठले होते. डावा हात ठणठणीत. उजव्याचं एक बोट तेवढं कामाचं उरलेलं. पण गिऱ्हाइकापुढे डावा हात करायचा नाही, हा त्यांचा बाणा. "बिल करीन तर उजव्या हातानंच," म्हणाले. झालं, माझ्या डोक्याला ताप!

बटणांवर हवी ती कामं बसवता येतील असा एक कीबोर्ड मी बंगळूरहून मागवला. अप्पांसाठी एकाच मोठ्या बटणावर तीन कामं बसवली. एकदा दाबलं की बिल छापायचं, दोनदा दाबलं की गल्ल्याचा खण उघडायचा आणि दाबून धरलं की बिल रद्द. सोबतचं माहितीपुस्तक वाचून डोळे फुटायची वेळ आली, पण स्वतःवर मी जाम खूश होतो.

पहिल्याच सकाळी, दिवसाच्या पहिल्या, भवानीच्या गिऱ्हाइकाला, अप्पांनी बटणावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि कुलदेवीचं नाव घ्यायला लागले. बिल रद्द.

"अप्पा, बोट लगेच उचला हो!"

"देवीचं नाव काय पळत पळत घेऊ काय रे?"

पुन्हा बिल, पुन्हा देवी, पुन्हा रद्द. गिऱ्हाईक "लगू माड्री, लगू माड्री" म्हणत कानडीत घाई करायला लागलं आणि शेवटी कापड टाकून निघून गेलं. दाबून धरायची वेळ मी वाढवून पाहिली, तर अप्पांची देवी त्याहून लांब! माझा थोरला भाऊ अण्णा आधी हसायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मग एक दिवस तडकला. "आणखी एक गिऱ्हाईक असं गेलं, तर अप्पांनी घरीच बसावं."

अप्पांनी ते ऐकलं. गादी सोडून त्यांना दुसरं जग नव्हतं. मला अण्णाचा राग आला, अप्पांच्या हट्टाचा त्याहून जास्त.

त्याच दुपारी मी वैतागून टेबलाखाली शिरलो, कीबोर्डची वायरच काढून टाकायला. वर अप्पांचं बिल चाललेलं, तोंडानं देवीचं नाव. दुपारी कसलं नाव? आजारापूर्वी तर ते फक्त भवानीला घ्यायचे. मी मान वळवली. टेबलाखालून डाव्या हातानं अप्पा आपलं उजवं कोपर मागे ओढत होते. बोट बटणावर जात होतं, पण आपलं आपण उचलत नव्हतं.

वायर तशीच ठेवून मी बाहेर आलो. संध्याकाळी कामांची अदलाबदल केली. आता दाबून धरलं की बिल छापायचं. रद्द करायचं बटण पार पलीकडे, माझ्या हाताशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बिलं निघायला लागली. अण्णा मागून कुरकुरला, "निघतं, पण इतका वेळ का लागतो रे?"

"अप्पा देवीचं नाव घेतात," मी म्हणालो. "ते काय पळत पळत घ्यायचं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दारातल्या गिऱ्हाइकाला मात्र कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हाक मारली, "बर्री, आत बर्री!"