पट्टी न बांधलेली खुर्ची

साडूचं नातं विचित्र असतं. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही आणि मोडताही येत नाही. फिटर म्हणायचा, साडू म्हणजे एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं. ऐकणारे हसायचे. तो हसायचा नाही. त्याच्या हिशेबी फसलं होतं एकच गिऱ्हाईक. दुसऱ्याला त्याच दुकानात सूटही मिळाली होती आणि वर चहाही पाजला होता.

फिटरने चौतीस वर्षं एका कारखान्यात पंपांवर काम केलं. पंपाला कान लावून तो आतला बिघाड सांगायचा, पण समोरच्या माणसाशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली की खिशातून फडकं काढून हात पुसत बसायचा, हात स्वच्छ असले तरी. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात बायको म्हणाली, "अहो, घरातले सगळे नळ तुम्ही तीन-तीनदा उघडलेत. बिचारे आता तुम्हाला बघूनच गळायला लागलेत. बाहेर कुठेतरी जीव रमवा."

म्हणून तो मंडळात गेला.

मंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, फोन, नोंदवही आणि छतापर्यंत रद्दीचे गठ्ठे. मागच्या खोलीत चाकाच्या मोडक्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर आणि डोक्याकडून उचलता येणाऱ्या दोन खाटा. कुणाचं हाड मोडलं, कुणाची एक बाजू लुळी पडली, की मंडळ हे सामान घरी नेऊन द्यायचं आणि गरज संपली की परत आणायचं. भाडं नाही, अनामत नाही. टायर, बेअरिंग, रेक्झिन यांचा खर्च रद्दीतून निघे. दर रविवारी सभासद घरोघर जाऊन जुने पेपर गोळा करत.

मागची खोली अकरा वर्षं फिटरची होती. तिथे त्याची एक रीत होती. चाकाच्या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारा लोखंडाचा एक तुकडा. टायरमध्ये हवा पूर्ण भरल्याशिवाय तो कुठे बसवायचा ते कळत नाही. म्हणून फिटर ब्रेकचे बोल्ट सगळ्यात शेवटी आवळायचा. मग ब्रेक लावून स्वतः खुर्चीत बसायचा आणि हातांवर भार देऊन उठायचा, पलंगावरून खुर्चीत येणारा दुबळा माणूस जसा देतो तसा, वेडावाकडा. खुर्ची केसभर जरी सरकली तरी पुन्हा पाना हातात. नाही सरकली, की उजव्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी बांधायची. पट्टी नसलेली खुर्ची खोलीबाहेर जात नसे.

आणि मग तो ती हातगाडीवर घालून स्वतः नेऊन द्यायचा. त्यासाठीच तर सगळं होतं. महिना-महिना छताकडे बघत पडलेला माणूस पहिल्यांदा खुर्चीत बसतो, चाक आपल्या हाताने ढकलतो, आणि खोली त्याच्याकडे सरकत येते. त्या वेळी त्याचा चेहरा जसा होतो तसा चेहरा फिटरने दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता, स्वतःच्या लग्नातसुद्धा नाही. तो काही बोलत नसे. दाराशी उभा राहून हात पुसत तेवढं बघायचा आणि निघायचा. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघे.

गेल्या वर्षी साडू मंडळात आला.

साडू तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेला. खिडकीमागे जन्म गेल्यामुळे की काय, बाहेर पडल्यावर त्याला माणसांचं वेड लागलं. रविवारी तो एका गल्लीत शिरला की दुपारपर्यंत बाहेर येत नसे. कुणाच्या घरी चहा, कुणाच्या घरी सुनेची तक्रार, कुणाच्या घरी सासूची, आणि येताना दोन्ही घरची रद्दी. म्हणायचा, "आजी, पेपर वाचून झाला असेल तर द्या, आणि झाला नसेल तर मी बातम्या सांगतो, पण पेपर द्या." सहा महिन्यांत रद्दी तिप्पट झाली. मागच्या खोलीत नवे टायर आले, नवं रेक्झिन आलं, नवा पान्यांचा संच आला. फिटर त्या पान्यांना हात लावायचा तेव्हा त्याला ते साडूच्या जिभेचे बनवल्यासारखे वाटायचे.

साडूकडे मोटार होती. मंडळाच्या अध्यक्षीणबाई, ज्या पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या आणि अजूनही समोरच्याला तोंड बंद करायला लावत, एक दिवस म्हणाल्या, "फिटरसाहेब, या वयात हातगाडी कशाला ढकलता? हे मोटारीतून नेतील. तुम्ही आत आरामात काम करा."

आरामात. झालं, बाहेरचं दार त्याला बंद झालं.

तेव्हापासून घरोघरचे फोन साडूला येऊ लागले. रस्त्यात लोक साडूला थांबवायचे. "तुमच्यामुळे आमचे वडील अंगणात आले." साडू दोन्ही हात हलवत म्हणायचा, "छे हो, मी नुसता हमाल. हात आमच्या साडूभाऊंचे." हे तर फिटरला अधिकच झोंबायचं. चोराने निदान चोरासारखं वागावं. हा चोरलेलं परत करत होता, पण चार लोकांसमोर, आणि त्यातही कौतुक त्याचंच होत होतं.

घरी बायको बहिणीचं नवऱ्यासकट गुणगान करायची. एकदा फिटर ताटावरून उठून गेला, तेव्हा ती मागून शांतपणे म्हणाली, "पोट तुमचं दुखतंय आणि ओवा तुम्ही मला चघळायला लावताय."

त्या बुधवारी मागच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीला पट्टी होती. दुसरीच्या ब्रेकचे बोल्ट फिटरने नुसते हाताने फिरवून ठेवले होते. हवा भरायची होती. तो मागच्या अंगणात नळावर हात धुवायला गेला. साबण चोळत असताना त्याला खिडकीतून साडू आत आलेला दिसला. साडू शीळ घालत होता. त्याने दाराजवळची खुर्ची मिटली आणि काखेत मारली. दाराजवळची म्हणजे पट्टी नसलेली.

"अहो, ती नाही," एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. फिटरच्या तोंडात ते आलेही होते. पण त्याच वेळी त्याला दिसलं: खुर्ची सरकली आहे, घरातले लोक ओरडताहेत, आणि साडू पहिल्यांदाच गप्प उभा आहे. साडूचा तो गप्प चेहरा त्याला इतका आवडला की तो नळाखाली हात धरून उभाच राहिला. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. साबण केव्हाच धुऊन गेला होता.

आत येऊन त्याने नोंदवही पाहिली. खुर्ची एका म्हाताऱ्या बाईंकडे गेली होती. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं.

त्याने दुसऱ्या खुर्चीची चाकं उगाच पुसली. साडेअकराला पुढच्या खोलीतला फोन वाजला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. फिटर दारात उभा राहून फोनकडे बघत राहिला. बाई पडल्या असतील. उचलला तर बातमी खरी होईल. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. त्यानंतर जी शांतता झाली तिच्यात त्याला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज पंपातल्या बिघाडासारखा ऐकू यायला लागला. तो जेवायला घरी गेला नाही. अडीचला त्याने नवीन पाना खिशात घातला, हवेचा पंप उचलला, आणि पायी निघाला. वाटेत तो धावायला लागला. अडुसष्ट वर्षांचा माणूस हातात पंप घेऊन धावतो आहे म्हटल्यावर लोकांना वाटलं, कुणाची तरी सायकल बसली असेल.

दार सुनेने उघडलं. फिटर हात पुसायला लागला.

आतून खणखणीत आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मंडळातून... खुर्ची..."

"फिटर का? सकाळपासून वाट बघतेय. या आत."

बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले, अंगावर धुतलेली साडी, बाहेर जायला निघाल्यासारख्या. खुर्ची पलंगापासून हातभर अंतरावर होती. कुणी बसलेलं नव्हतं.

"तुमचा तो बडबड्या माणूस सांगून गेला," बाई म्हणाल्या. "पट्टी नाही म्हणाला. साडूभाऊ येऊन हात लावल्याशिवाय बसायचं नाही, बसलात तर माझी धडगत नाही. मंडळात फोनही लावला त्याने, इथूनच. कुणी उचलला नाही. अजून दोन घरी सामान द्यायचंय, मग मंडळात जाऊन सांगतो म्हणाला. मी म्हटलं, आमच्या वेळी असं झालं असतं तर नोकरी गेली असती."

सून म्हणाली, "मी म्हणत होते, आपण बसवून बघू. आईंनी ऐकलं नाही."

"मला परत पडायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "एकदा पडून बघितलं. काही मजा नाही त्यात."

फिटर खाली बसला. ब्रेकला बोट लावलं. तो लोलकासारखा हलला. त्याने हवा भरली, बोल्ट आवळले, पुन्हा आवळले, स्वतः बसला, वेडावाकडा उठला. खुर्ची जागची हलली नाही. तो सहा वेळा बसला आणि सहा वेळा उठला. सून तोंडावर पदर धरून हसायला लागली.

"अहो, खुर्ची माझ्यासाठी आहे की तुमच्यासाठी?" बाई म्हणाल्या.

मग त्या बसल्या. चाकांना हात लावला, आणि खिडकीपर्यंत गेल्या. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आणि एक पाण्याची टाकी होती. त्या ती टाकी बघत बसल्या. वर्षभर जो चेहरा फिटरला मिळाला नव्हता तो समोर होता, आणि त्याच्याकडे मान वर करून बघण्याची फिटरची हिंमत होईना.

"भला माणूस आहे हो तुमचा साडू," बाई टाकीकडे बघत म्हणाल्या.

"हो," फिटर म्हणाला. साडूबद्दल हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला, आणि तो मोडक्या दातासारखा तोंडात टोचला.

रविवारी रद्दीचे गठ्ठे बांधून झाल्यावर सगळे पुढच्या खोलीत चहाला बसले. दहा-बारा जण असतील. फिटरची बायको आणि मेहुणीही होत्या. साडू उभा राहिला.

"माझ्या हातून मोठी चूक झाली," तो म्हणाला. "बुधवारी पट्टी न बघता खुर्ची उचलली. एखादी बाई पडली असती. माझं मत आहे, सामान पोचवायचं काम परत साडूभाऊंकडे द्यावं. मी फार तर गाडी चालवीन."

फिटरला जे हवं होतं ते सगळं टेबलावर येऊन पडलं होतं. साडू गप्प होता, मान खाली. नळावर दिसलेलं चित्र अगदी तस्संच. फक्त हात पुढे करायचा होता.

"मी बघितलं होतं," फिटर म्हणाला.

"काय?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"हे खुर्ची नेत होते तेव्हा. मी नळावर होतो. मला दिसलं. मी बोललो नाही. फोनही मी ऐकला. उचलला नाही."

मग अध्यक्षीणबाईंचा चेहरा उजळला.

"बघा," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात मन. साडूवर ठपका येऊ नये म्हणून स्वतःवर ओढून घेताहेत."

"नाही, मी खरंच..."

"पुरे. बसा तुम्ही."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. अकरा वर्षांत त्या खोलीत फिटरसाठी टाळ्या वाजल्या नव्हत्या. मेहुणी म्हणाली, "भाऊजी बोलत नाहीत, पण जीव किती आहे बघा." त्याची बायको टाळ्या वाजवत नव्हती. ती कपातल्या चहाकडे बघत होती. आणि साडू त्याच्याकडे बघत होता. साडूच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. त्याला कळलं होतं. सगळ्या खोलीत त्याला एकट्याला, आणि फिटरच्या बायकोला.

पुढच्या बुधवारी मोटार मंडळासमोर येऊन थांबली. फिटरने पट्टी बांधलेली खुर्ची मागे ठेवली. साडूने आतून पुढचं दार उघडलं.

"बसा," तो म्हणाला. साडूभाऊ म्हणाला नाही.

वाटेत एका सिग्नलला साडू रस्त्याकडे बघत म्हणाला, "ती बाई पडली असती तर?"

"माहीत आहे."

"मला घरी तोंड दाखवता आलं नसतं."

"तेच हवं होतं," फिटर म्हणाला.

साडूने मान हलवली. पुढे गाडी चालवली. तो रागावला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर हिशेब मिटला असता. त्याने नुसती मान हलवली, एखादा पत्ता समजल्यासारखी.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. साडूने खुर्ची उतरवून दिली आणि परत गाडीत जाऊन बसला. "तुम्ही जा. मी थांबतो."

वर एक सुतार होता, दोन्ही पायांना प्लास्टर. त्याला बसवलं. त्याने चाकं ढकलली, दारापर्यंत गेला, वळला, आणि मोठ्याने हसला. "साहेब, ही तर धावते," तो म्हणाला. त्याची लहान मुलगी मागे पळाली. फिटर दाराशी उभा राहून बघत होता. चेहरा होता, अगदी पूर्वीसारखा. पण त्याचं लक्ष जिन्याखाली होतं. खाली एक माणूस गाडीत बसला होता. त्याला वर येऊन हे बघायची गरज वाटत नव्हती. न बघताही त्याचं भागत होतं.

ते कसं जमतं, हे फिटरला कळेना. त्याला त्या माणसाचा पुन्हा हेवा वाटला. या वेळी तो आधीपेक्षा जास्त होता, आणि त्याचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. सुतार म्हणाला, "चहा घ्या ना." फिटर म्हणाला, "खाली एकजण थांबलाय. त्याला बोलवू का वर?"