चतुराअक्काचा रस्सा आणि ठमाबाईचं पोट

भिगवणला रस्त्याकडंला माझं पंक्चरचं दुकान हाय आणि शेजारी चतुराअक्काची खानावळ. माशाचा रस्सा, भाकरी, कांदा, बास. नवरा गेल्यावर ह्याच चुलीवर तिनं दोन्ही पोरी शिकवल्या. तिच्या रश्श्याला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं सटकतं, आधीच सांगून ठेवतो.

पणदऱ्याचा ऊसवाला विजयसिंह दर बाजाराला हितंच जेवायचा. मागल्या साली त्याची छाती जळायला लागली, घशाशी आंबट यायचं. त्याची आई ठमाबाई गावभर सांगत सुटली, "कुणाच्याबी हातचं खाल्लं की पोट असंच नासतं." आता 'कुणाच्याबी' म्हंजी कुणाच्या, ते आमाला फोडून सांगावं लागत न्हाय. अक्का बौद्ध हाय. झालं, पणदऱ्याची, लासुर्ण्याची गिऱ्हाईकं गळाली. टोपातला रस्सा टोपातच राहायला लागला.

"महिपती, असंच चाललं तर दिवाळीला कुलूप लावते," अक्का म्हणाली. एवढी खमकी बाई, पण आवाज पार बसला होता. मला लई वाईट वाटलं.

त्यात बारामतीच्या एक डॉक्टरीणबाई पोटातल्या जंतूची पाहणी करत आल्या. कुठल्या समाजात जंतू किती जणांना, जळजळ किती जणांना, हे बघत गावोगाव फिरत होत्या. एक औषध प्यायचं, पिशवीत फुंकर मारायची, झाली तपासणी. ऊसवाले म्हणायचे, मासे खाणाऱ्यांना असंल. मासेवाले म्हणायचे, दूधवाल्यांना असंल. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून! अक्कानं मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन फुंकर मारली.

निकाल लागला. जंतू सगळ्याच समाजांत निघाला, कुठं थोडा जास्त, कुठं कमी. अक्काच्या पोटात जंतूच न्हवता, ती साफ सुटली. विजयसिंहाला जंतू निघाला, आणि जन्मात बाहेर न जेवलेल्या ठमाबाईलाबी निघाला! विजयसिंहानंच मला हे सांगितलं. डॉक्टरीणबाई त्याच्या आईला म्हणाल्या होत्या, "आजी, हा जंतू बहुतेक लहानपणीच लागतो, घरातल्या घरात, उष्ट्या घासातून. तो जात विचारत नाही."

दोघांनी गोळ्या पुऱ्या केल्या. विजयसिंहाची जळजळ गेली. आणि एका बाजाराच्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळंला, जीपमधनं ठमाबाई उतरली. मी हातातला पाना टाकून खानावळीत घुसलो. आता हिनं तोंड उघडलं तर सोडायची न्हाय, असं ठरवूनच.

ती मधोमध उभी राहिली. "समद्यांनी ऐका. माझ्या ल्योकाचं पोट माझ्याच घरात बिघडलं. ह्या बाईच्या रश्श्यानं न्हाय. मी वंगाळ बोलले, माझं चुकलं."

अक्का पदराला हात पुसत पुढं आली. "बसा ठमाबाई. पर रस्सा तिखट हाय."

"असू दे. वाढ."

ठमाबाईनं भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतून घेतला आणि शेवटच्या घासापत्तोर जेवली. कोपऱ्यात पणदऱ्याचे दोघं नुसता चहा घेत बसलेले, त्यांनीबी ताटं मागितली.

मग म्हातारीनं रिकामा पेला अक्कापुढं धरला. "पाणीबी तुझ्याच हातचं दे," ती म्हणाली.