दवाखान्याच्या पायरीवर लिहिलेला अर्ज

माझ्या पत्नीचा उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित आखूड आहे. नवख्या माणसाच्या ते ध्यानातही येत नाही. मला मात्र तिची चाल दुसऱ्या खोलीतूनही ओळखू येते, कारण तिचे एक पाऊल पुरते वाजते आणि दुसरे अर्धे. त्या अर्ध्या पावलास मी जबाबदार आहे. ते कसे, हे येथे क्रमाने नमूद करतो.

मी इंदूरच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. शिक्षण मिडलपर्यंतच झाले, परंतु मसुद्याच्या बाबतीत चांगले चांगले वकीलही माझ्याकडे पक्षकार धाडतात, हे मी गर्वाने नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून सांगतो. आजोबा आणि वडील दोघेही संस्थानच्या दफ्तरात होते. वडील म्हणत, "तोंडी मागतो तो भिकारी, लेखी मागते ती रयत." संस्थान गेले, मध्य प्रदेश झाला, बडे अंमलदार भोपाळला गेले, अर्जांची भाषा हिंदी झाली, आमच्या घरातला हा नियम तेवढा राहिला. सरकारी दारात आम्ही कधी आवाज चढवला नाही. कागद पुढे केला आणि बाजूला उभे राहिलो.

त्या वर्षी नवरात्रात अष्टमीला मी पत्नीस सायकलच्या कॅरिअरवर बसवून अन्नपूर्णेच्या दर्शनाला नेले. ती टांग्याने जाऊ म्हणत होती. मीच म्हणालो, माझी सायकल असताना टांगा कशाला? येताना उताराला तिच्या लुगड्याचा पदर मागच्या चाकात गेला, चाक जागीच अडले आणि आम्ही दोघे रस्त्यावर पडलो. माझे कोपर खरचटले. तिचा पाय सायकलीखाली आला. घोट्याच्या वर हाड मोडले होते हे मलाही कळत होते, कारण पाऊल भलत्याच दिशेला वळले होते. ज्या टांग्याला मी नको म्हटले होते, तसल्याच एका टांग्यातून तिला दवाखान्यात आणले.

सुट्टीचा दिवस. व्हरांड्यात तिला बाकावर निजवले. कंपाउंडर सज्जन होता. तो म्हणाला, "भिया, डॉक्टरसाब राउंड खतम करके निकल रहे हैं। वो देखो, सामने से आ रहे हैं। आवाज दे दो, रुक जाएँगे।"

डॉक्टर खरोखरच समोरून येत होते. पांढरा कोट, हातात टोपी, घरी जाण्याची घाई. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. भाजीवाल्याला मारावी तशी हाक हुद्द्याच्या माणसाला मारणे मला शोभेना. मी त्यांना अदबीने नमस्कार केला, त्यांनी मान हलवली आणि ते फाटकाकडे गेले. मग मी पायरीवर बसलो, पिशवीतून कागद काढला आणि वरिष्ठ डॉक्टरांच्या नावे अर्ज लिहू लागलो. "सेवा में, श्रीमान" येथून आरंभ केला. अपघाताचा प्रकार, रुग्णाची अवस्था, आमच्या घराण्याची सेवा, सर्व यथास्थित मांडले. शेवटच्या ओळीवर शाईचा डाग पडला, म्हणून पुन्हा स्वच्छ प्रत केली.

व्हरांड्यातून पत्नीचे कण्हणे ऐकू येत होते. मधे ती म्हणाली, "अहो, झालं का?"

"झालंच. सही राहिली."

कंपाउंडरने अर्ज हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "लिखा तो बढ़िया है। पर अब देगा कौन किसको?"

त्याने पायाला फळी बांधून दिली. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी भेटले. तोवर पाय सुजून इतका झाला होता की हाड नीट बसवता येईना. ते चिडून मला म्हणाले, "कल मेरे सामने ही तो खड़े थे आप। आवाज क्यों नहीं दी?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात बाकावरून पत्नी म्हणाली, "मैंनेच मना किया था, डॉक्टरसाब। मेरेको डर लगता था।"

तिला कशाचेही भय नव्हते. रात्रभर ती डॉक्टरांचीच वाट पाहत होती. मी मान खाली घातली, आणि ती खाली घातलेली पाहून डॉक्टरांना ती बायकोविषयीची काळजी वाटली असावी, कारण ते माझ्याशी एकदम मऊ झाले.

प्लास्टर घालून घरी आणल्यावर ती खाटेवर आणि मी चुलीशी, असा काळ सुरू झाला. माझी पोळी कोणत्याच आकाराची नसे. ती पडल्या पडल्या म्हणे, "नकाशा छान काढलाय. यात इंदूर कुठं आलं?" शेजारच्या काकू वरण आणून देत आणि माझी स्तुती करत: असा नवरा मिळायला भाग्य लागतं हो. ती स्तुती मला चटका बसावा तशी लागे. राऊहून तिचे थोरले बंधू आले, त्यांनी सरळच विचारले, "हाड त्याच दिवशी का नाही बसवलं, जावईबापू?" पुन्हा तीच उत्तरली, "दादा, मी घाबरले होते." दादा तिला रागे भरले. लहानपणापासून तू अशीच, म्हणाले. तिने ते ऐकून घेतले. मी पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेलो आणि बराच वेळ माठापाशी उभा राहिलो.

एकदा मी तिला म्हणालो, "तू सर्वांना असे का सांगतेस? दोष माझ्याकडे आहे."

"मग तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी कुठं तोंड धरलंय तुमचं?"

मी सांगितले नाही. योग्य शब्द मिळाले की सांगेन, असे मनाशी म्हणत राहिलो. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाची ही सबब.

प्लास्टर निघाले तेव्हा पाय काडीसारखा झाला होता आणि पाऊल जरा बाहेर वळलेले. तिचा एकच हट्ट होता: चैत्रात देवीला पायी जायचे. त्यासाठी चालण्याचा सराव हवा, आणि काठी तिला म्हातारपणाची वाटे. म्हणून रोज सकाळी मी तीच सायकल बाहेर काढी. मी हँडल धरून पुढे, ती कॅरिअर धरून मागे, असे आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागलो. मी कचेरीचा काळा कोट घातलेला असे. नाक्यावरचा पोहेवाला रोज विचारी, "क्या भिया, आज भी सायकल की बारात?" हसणारे हसत. ती मात्र माझ्या पाठीकडे पाहत, ओठ दाबून चाले. पाऊल टेकले की तिचा श्वास अडे, आणि तो मला पुढे ऐकू येई.

चैत्र जवळ आला, परंतु पाऊल सरळ होईना. ती म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवू. हा पाय असाच राहणार असेल तर तसं सांगू देत. जाईन मग तसाच घेऊन." आम्ही त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर बसलो. गर्दी फार होती. त्यात माझ्याकडून अर्ज लिहून घेणारे दोघे-तिघे ओळखीचेही होते. एकाने उठून मला जागा दिली. इतक्यात डॉक्टर टोपी हातात घेऊन बाहेर आले आणि फाटकाकडे निघाले.

माझा हात पिशवीकडे गेला होता. पत्नीने तो पाहिला.

मी उभा राहिलो आणि ओरडलो, "ओ डॉक्टरसाब! रुकिए!" आवाज फाटला. सगळा व्हरांडा वळून पाहू लागला. डॉक्टर थांबले. मी धावत गेलो आणि, कोणताही मायना न लावता, धापा टाकत म्हणालो, "उस दिन इन्होंने मना नहीं किया था। आवाज मैंने नहीं दी। पैर मेरी वजह से टेढ़ा है। देख लीजिए।"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग परत येऊन, बाकापाशी खाली वाकून त्यांनी पाय हातात घेतला, दाबला, वळवून पाहिला. "अब सीधा तो नहीं होगा," ते तिला म्हणाले. "जूते में एक तरफ चमड़ा चढ़वा लो। चलना मत छोड़ना।"

"अन्नपूर्णा तक जा सकती हूँ?"

"जाइए। आराम आराम से।"

ते गेले. मी तिच्या शेजारी बसलो. लोक अजून पाहत होते आणि माझे कान तापले होते. तिने चप्पल पायात सरकवली, माझ्या खांद्यावर भार देऊन ती उठली आणि म्हणाली, "आवाज चांगला आहे हो तुमचा."

बाहेर सायकल भिंतीला टेकवलेली होती. मी हँडल धरले. तिने कॅरिअर धरले.