हळदीच्या पोत्यावरचा त्रिकोण

अण्णांनी माझं चिन्ह तिसऱ्यांदा परत पाठवलं आणि मी पुण्याहून पहाटेच गाडी काढली. अण्णांची कुपवाडला हळदीची गिरणी आहे. त्यांच्या पोत्यांसाठी चिन्ह करणं हे नोकरी सोडल्यावरचं माझं पहिलंच काम. ते गेलं असतं तर निमूट जुन्या ऑफिसात परतावं लागलं असतं.

चिन्ह म्हणजे एकच लाल त्रिकोण, टोक वर. माझ्या टेबलासमोर शंभर वर्षांपूर्वीच्या एका रशियन पोस्टरची प्रत आहे. त्या काळच्या काही चित्रकारांनी फुलं-चेहरे सोडून नुसते आकार हाती घेतले. आजची निम्मी पाकिटं आणि पाट्या त्यांच्याच वाटेनं चालतात, मीही चालते. अण्णांना मात्र देवीचं चित्र हवं असणार, असं मी धरून चालले होते.

साताऱ्यात चहा घेतला आणि रहिमतपूरमार्गे औंध गाठलं. रस्ता अरुंद, पण बरा. संग्रहालय टेकडीवर आहे, दोन तास हाताशी ठेवून जा. मी वीस मिनिटांत बाहेर पडले. साडीची चुणी न् चुणी रंगवलेली ती तैलचित्रं बघून उगाच चिडचिड झाली, मनातल्या मनात अण्णांशी भांडणच चालू होतं. कडेगावात आमटी-भाकरी खाल्ली, दीडशे रुपयांत पोटभर. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे तासभर गेला.

गिरणीत अण्णा माझं भाषण शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांनी हमालांच्या मुकादमाला, शिवामामांना, हाक मारली. मामांनी माझं चिन्ह छापलेलं नमुन्याचं पोतं पाठीवर घेतलं आणि धप्पकन थप्पीवर टाकलं. पोतं उलटं पडलं, त्रिकोणाचं टोक खाली गेलं.

"आता ह्यो शेजारच्या गिरणीचा मार्का झाला," मामा म्हणाले. "ट्रक भरताना आमी नाव वाचत न्हाई ताई, लांबनं आकार बघतो. पोतं काय सरळच पडतंय व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिन्यांत मी इथे एकदाही आले नव्हते. आधी का सांगितलं नाही, असं अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "तुमी शिकलेल्या. म्हटलं, कळत आसंल."

मी गोल सुचवला. मामा म्हणाले, तो दुसऱ्या एका गिरणीचा हाय. शेवटी जमिनीवर खडूनं माझेच चार त्रिकोण काढले, चारी टोकं आत. मामा चारी बाजूंनी फिरून आले आणि मान डोलावली.

"फूल झालं की," अण्णा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. काम टिकलं.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी ते पोस्टर उतरवलं आणि उलटं टांगलं. बराच वेळ बघत राहिले. ते उलटंही तितकंच तोलून उभं होतं. इतकी वर्षं ते माझ्या नजरेसमोर होतं, पण उलटं करून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं.