डाव्या तळव्याचं शेवाळ

आयर्लंडमधल्या डॉनिगॉलच्या त्या दरीत संताच्या दिवशी पंधरा ठिकाणं अनवाणी चालायची असतात. प्रत्येक ठिकाणच्या दगडांच्या राशीला उजवा हात लावत, सूर्याच्या दिशेने तीन फेऱ्या घालायच्या आणि दर फेरीला एक खडा टाकायचा. हे गावाला पाळण्यापासून ठाऊक होतं. तरी डिंफ्नाबाई एकतीस वर्षं सगळ्यांना तेच शिकवत होत्या. खुद्द संतालाही एवढी काळजी नसावी! गेल्या वर्षी कोंडी म्हाताऱ्याची चौथ्या राशीला एक फेरी कमी पडली, तर दुखऱ्या गुडघ्यासकट त्यांनी त्याला पहिल्या दगडापाशी परत धाडलं होतं.

यंदा मात्र बाई आतून हादरल्या होत्या. सोमवारी त्यांच्या मुलाच्या, मॅनसच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. त्याच्यासाठी गावाने आपल्या फेऱ्यांचं पुण्य देऊ केलं होतं. उपकाराची फेड म्हणून बाईंनी आज सगळ्यांना जरा जास्तच झापलं.

सातव्या राशीपाशी त्या मागे वळल्या. "नोरा, तोंड बंद! बाजारात आलीयेस का?" म्हणाल्या आणि तशाच तोंड फिरवलेल्या राशीभोवती चालू लागल्या. मागून बावीस माणसं मुकाट निघाली. तीन फेऱ्या झाल्या.

पुढच्या चढावर घाम पुसायला बाईंनी हात वर केला. दगडांचं शेवाळ उजव्याऐवजी डाव्या तळव्याला लागलं होतं. उलट्या फेऱ्या शाप द्यायला घालतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"आपण उलटे फिरलो रे!"

"हो," कोंडी म्हणाला. "पहिल्याच फेरीत कळलं."

"मेल्या, मग बोलला का नाहीस?"

"आम्हाला वाटलं, तुला कुणाला तरी शाप द्यायचा असेल. उगाच मध्ये कशाला पडा?"

"मॅनसच्या फेऱ्यांत? आई आहे मी त्याची!"

"अगं, पण तुला सांगणार कोण?"

बाईंनी बावीस तोंडांकडे पाहिलं. सगळ्यांच्या नजरा खाली. बाईंना रडू फुटलं. मग नाक पुसून त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून करावं लागेल. तुम्ही जा घरी. मी करते."

कुणी घरी गेलं नाही. बाई म्हणाल्या, "कोंडी, तू पुढे हो."

पहिल्या राशीला तीन फेऱ्या झाल्या. कोंडीने खडे दोनच टाकले होते. बाईंचं तोंड सवयीने उघडलं, मिटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "कोंडी, एक राहिला का रे? की माझंच चुकतंय?"