मुठीचा तांदूळ

"तुझा आजोबा तांदळासाठी ख्रिस्ती झाला. तुला त्रैक्य कशाला कळायला हवं? भात खा आणि आमेन म्हण."

लोणावळ्याच्या शिबिरात, भरल्या हॉलमध्ये, पुण्याहून शिकवायला आलेले सर मला हे बोलले. मी उभी होते. सगळे हसले. आमच्या मळवलीच्या चर्चमधली माणसंसुद्धा हसली. त्यांच्यावरचा माझा राग अजून जात नाही.

मी असं विचारलं काय होतं? चिक्कीच्या दुकानात माझ्यासोबत शबाना काम करते. डबा खाताना आमचा रोजचा वाद. ती म्हणायची, "देव एकच. त्याला ना बाप, ना पोरगा. तुमचे तीन कसे गं?"

"तीन नाहीत, एकच."

"मग मोज ना नीट!"

आणि दोघी हसायचो. पण एकदा ती म्हणाली, "पकडून न्यायच्या आधी येशूनं बागेत प्रार्थना केली म्हणतेस. देव तोच, तर मागितलं कुणाकडं?" मी तो प्रश्न शिबिरात न्यायचं ठरवलं.

तोच प्रश्न मी सरांना विचारला. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तिघं मिळून एकच देव, हेच त्रैक्य. मी म्हटलं, "सर, त्रिकोण दिसला. पण एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला विनवतो कसा?" सरांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी माझा आजोबा काढला.

आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. चर्चमध्ये त्यांना बाकावर बसवलं. इतरांच्या शेजारी. म्हणून ते आले. आणि तांदूळ? तांदूळ तर आम्ही देतो! रोज भात टाकायच्या आधी आई एक मूठ तांदूळ देवाच्या डब्यात टाकते. वाडीतल्या सगळ्या ख्रिस्ती बाया टाकतात, आणि तो साठला की चर्चला दान जातो. तोच तांदूळ त्या दिवशी शिबिरात शिजला होता. सरांनी मागून घेऊन खाल्ला. वाढत होती माझी आई.

संध्याकाळी पाळकसाहेब घरी आले. "रविवारी तुझं दृढीकरण. त्याआधी उभी राहून सरांची माफी माग. नाहीतर तुझं नाव पुकारणार नाही."

दृढीकरण, म्हणजे चर्चची पक्की सभासद होणं, नाही तर प्रभुभोजन नाही. भाकर-द्राक्षारसाचं ताट सगळ्यांकडे जाणार, माझ्याकडे नाही. उद्या लग्न लावायच्या वेळीही हेच काढणार.

आई रडायलाच लागली. "माग ना बये माफी. आपून गरीब मान्सं. दोन शब्दांनी काय झिजतीस व्हय?"

"आई, तुझाच तांदूळ खाऊन तुला भिकारी ठरवलं त्यानं!"

 आई त्या रात्री जेवली नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी मला उभं केलं.  मी म्हटलं, "प्रश्न विचारला त्याची माफी मागणार नाही. आजोबा काढला, त्याची माफी सरांनी माझ्या आईकडे मागावी."

 मागून कुणीतरी "उर्मट" म्हणालं. माझं नाव पुकारलं नाही.

दानाची वेळ झाली. आई मुठीच्या तांदळाची पिशवी घेऊन उठली. टेबलापर्यंत गेली आणि पिशवीसकट मागं फिरली. माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "ह्यो आज घरीच शिजंल."

शबानाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण माझी श्रद्धा गेलेली नाही, हे नीट ऐका. देव एक आहे आणि तो तिघांत आहे, असं मी लहानपणापासून म्हणत आले. तो कसा, ते मला कळून घ्यायचंय. त्यात पाप काय?

ताट दर महिन्याला माझ्यासमोरून पुढे जातं. जाऊ दे. आजोबा ज्या बाकावर बसले, तो मी सोडणार नाही. पुढचं शिबिर इथंच, आमच्या मळवलीच्या चर्चमध्ये भरणार आहे. मी पहिल्या रांगेत बसेन. पहिला हात माझा वर जाईल आणि प्रश्न तोच असेल.

उत्तर द्या, नाहीतर 'मला माहीत नाही' म्हणा. माफी मी मागणार नाही.