माझ्या नावावरचं घर

घर माझ्या नावावर आहे, हे मी त्या दिवसांत इतक्यांदा बोललो, की कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यालाही ते पाठ झालं होतं. मला ते विकून चितेगावकडं प्लॉट घ्यायचा होता, बायको नको म्हणत होती. ती पैठणला बहिणीकडं गेली तशी मी गुलमंडीतून नवं कुलूप आणून दाराला लावलं. दुकानदार म्हणाला, "एवढं दणकट? घरात लई माल दिसतोय." मी नुसती मान डोलावली.

ती परतली आणि दुपारभर पायरीवर पिशवी घेऊन बसली, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. मी मुद्दाम कंपनीत थांबलो होतो. शौर्य मी नेहमी गैरहजर राहूनच गाजवतो.

ती पुन्हा बहिणीकडं गेली आणि तिनं कोर्टात अर्ज केला. मी औरंगपुऱ्यातल्या वकिलांना ऐटीत सांगितलं, "मी कधी हात उगारला नाही."

"दाराबाहेर ठेवलं ना? कायद्यानं तोही छळच. नाव तुमचं असू द्या, तिथं राहायचा हक्क तिचा आहे."

कोर्टानंही तेच सांगितलं. दरम्यान कधीतरीच येणारा नळ मला एकदाही सापडला नव्हता. पाण्याचे जार विकत आणून घरमालक अंघोळ करत होता.

ती कोर्टाचा आदेश आणि कोर्टानं पाठवलेल्या संरक्षण अधिकारी बाईंना घेऊन आली, नेमकी तेव्हाच शेजारच्या भाभींनी हाक दिली, "भाईसाब, नल आया." मी बादली घेऊन धावलो.

"तुमची काही हरकत?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "घर तुमच्या नावावर हाय ना? मग पाण्याच्या मोटारीचं बटण कुठंय, दाखवा."

मला माहीत नव्हतं. तिनं पिशवी खाली ठेवली, दारामागं हात घातला आणि मोटार सुरू झाली.

ही गोष्ट मी चारचौघांत इथवरच सांगतो. लोक हसतात, माझीही सुटका होते. जुनं कुलूप मी परत लावलं, घर विकलं नाही. पण आजही पैठणला निघताना ती किल्लीबरोबर कोर्टाच्या आदेशाची प्रत पर्समध्ये ठेवते. माझ्यासमोरच. पुन्हा तसं करणार नाही, असं मला म्हणायचं असतं. मी म्हणतो, "परवा नळ येणारंय."

"व्हय, येते तोवर," ती म्हणते आणि पर्सची चेन ओढते.